गुलाबी झाड आणि आजीचा पळस

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. आदल्या रात्री उशिरा पुण्याहून एस्टीने नाशकात पोचलो होतो, त्यामुळे नऊपर्यंत लोळायचा बेत होता. पण सातलाच फोन किणकिणायला लागला. न्यू जर्सीत ऑनसाइट असलेल्या एका मित्राने फोटो धाडले होते. एक, दोन, करता करता चौदा. शुक्रवारी दुपारी हापिसातून लवकर सटकून स्वारी बायकोबरोबर जवळच्या पार्कात रानफुलं बघायला गेली होती. ओला पालापाचोळा आणि त्यातून डोकं वर काढणारी बोटभर उंचीची पांढरी-जांभळी फुलं. खाली मल्लिनाथी: "आमच्याकडे स्प्रिंग सुरू! तुमच्याकडे काय, थंडी संपली की डायरेक्ट उन्हाळा ना?"

माणूस कितीही आळशी असला तरी गावाचा अपमान सहन करत नाही. आम्ही नाशिककर तर नाहीच नाही. ठरवलं, आज नाशकातली रानफुलं शोधायची आणि चौदाच्या बदल्यात अठ्ठावीस फोटो धाडायचे.

निघताना आजीने हटकलं. "सकाळी सकाळी कुठे?"

"पांडवलेणीला जातोय आजी. फुलांचे फोटो काढायला."

"डोंगराकडे चाललायस तर पळसाची फुलं आण पिशवीभर. रंगपंचमीला होतील."

'आणतो' म्हणून टाकलं आणि बाइकला किक मारली. पिशवी अर्थातच घरी राहिली.

पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यान आहे. लहानपणी शाळेची सहल हमखास इथेच यायची. लिंबाच्या लोणच्याबरोबर दशम्या खायच्या आणि बाई म्हणतील त्या झाडाकडे बघून मान हलवायची, एवढीच आमची वनस्पतिशास्त्राची इयत्ता. तिथून पायऱ्या चढायला लागलो. जमिनीवर नजर ठेवून. मित्राच्या फोटोतली फुलं जमिनीवर होती, म्हणून मीही जमिनीवर शोधत होतो. वाळलेलं गवत, खडी, गुटख्याच्या पुड्या. पायरीच्या कडेला पिवळा धोत्रा फुललेला होता, पुढे घाणेरीची जाळी होती. काढले फोटो. मग अर्ध्या वाटेवर मान वर केली आणि थांबलोच. उतारावर झाडंच्या झाडं गुलाबी झालेली. पान एक नाही, फांदी न फांदी फिक्या गुलाबी फुलांनी लगडलेली, मधमाश्यांचा नुसता कल्ला. वा! फटाफट बावीस फोटो काढले आणि तिथूनच पाठवून दिले. "हा घे आमचा चेरी ब्लॉसम. अस्सल सह्याद्री, जंगली माल."

वर लेण्यांपाशी दम खात बसलो होतो. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या वॉचमन काकांनी विचारलं, "कशाचे फोटो घेता एवढे?"

"ही गुलाबी रानफुलं."

"रानफुलं कसली हो? ती उंदीरमारी. लावलेली झाडं आहेत ती. आमच्या लहानपणी नव्हती."

मंडळी, इथे माझी विकेट पडली. त्याच दिवशी दुपारी शोधाशोध केली तेव्हा कळलं की काका शंभर टक्के बरोबर होते. हे झाड म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळ गाव मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथे कोकोच्या बागांना सावली म्हणून लावतात. लॅटिनमध्ये नावाचा अर्थच उंदीर मारणारा, कारण त्याच्या बिया आणि साल उंदरांना विष म्हणून घालत. म्हणजे 'उंदीरमारी' हे त्या नावाचं शब्दशः मराठी. 'गिरिपुष्प' असंही एक गोंडस नाव आहे, पण मला उंदीरमारीच आवडलं. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे ज्या पिवळ्या धोत्र्याचा मी फोटो काढला त्याचंही मूळ मेक्सिकोच. घाणेरी पण अमेरिका खंडातली. म्हणजे 'अस्सल सह्याद्री' म्हणून मी न्यू जर्सीला जे काही पाठवलं होतं, ते सगळं त्याच्याच बाजूच्या खंडातून इकडे आलेलं होतं.

मग आपला वसंत कुठे आहे? हे समजून घ्यायला मला जरा वेळ लागला. थंड देशातल्या रानात झाडांना पालवी फुटली की खाली अंधार होतो. म्हणून तिथली लहान फुलं घाई करतात, बर्फ वितळल्यावर आणि पानं यायच्या आत काय ते उरकून घेतात. आपल्याकडे अडचण उजेडाची नाही, पाण्याची आहे. जमिनीवरच्या फुलांचा आपला मोसम भाद्रपद. तेरडा, सोनकी, सगळं तेव्हा. फेब्रुवारीत वरची माती कोरडी ठणठणीत असते, खोल मुळं असलेल्या झाडांनाच काय ते परवडतं. त्यातली कित्येक झाडं पानं गाळून बसतात आणि उघड्या फांद्यांवर फुलं धरतात. पळस, पांगारा, काटेसावर, सगळ्यांची हीच तऱ्हा. लाल-केशरी रंग, वाटीभर मध आणि गिऱ्हाईक म्हणजे मैना, बुलबुल, शिंजीर असले पक्षी. झुडपांमध्ये धायटी लाल होते, गणेर पिवळा होतो, करवंदीला पांढरी वासाची फुलं येतात. (धायटीची फुलं आयुर्वेदात आसवं आणि अरिष्टं आंबवायला वापरतात. वाइन कॅपिटल म्हणून मिरवणाऱ्या आपल्या गावात हे माहीत असणारे किती असतील कोण जाणे. मला तरी नव्हतं.) थोडक्यात, नाशकात वसंत बघायचा तर मान वर करावी लागते. पण मान वर करून मी जे पाहिलं ते भलतंच निघालं, आणि आजीने सांगितलेला पळस त्या आख्ख्या उतारावर मला एकही दिसला नव्हता.

ही गोष्ट मला का लागली, ते सांगायला जरा लेण्यांत जावं लागेल.

पांडवलेणीचा पांडवांशी काही संबंध नाही, हे एव्हाना सगळ्यांना माहीत असतं. शिलालेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी, प्राकृतात तिरण्हु. बौद्ध भिक्षूंची ही चोवीस लेणी, सगळ्यात जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एका लेखात त्याच्या दानधर्माची यादी आहे: तीन लाख गाई, सोळा गावं आणि नारळाची बत्तीस हजार रोपं. राजकारण्यांचे वृक्षारोपणाचे आकडे ही काही नवीन गोष्ट नाही हे बघून बरं वाटलं.

पण मला आवडला तो दुसरा लेख. त्यात उषवदात तीन हजार कार्षापणं गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवतो. (गोवर्धन अजून आहे, गंगापूरच्या पलीकडे. ) दोन हजार एका श्रेणीत, दरमहा एक टक्का व्याजाने. हजार दुसऱ्या श्रेणीत, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणं. सवय म्हणून हिशोब करून पाहिला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका कवडीचा फरक नाही! दगडात कोरलेलं हे युनिट टेस्ट बघून मला गहिवरून आलं.

चीवर म्हणजे भिक्षूचं वस्त्र, काषाय रंगाचं. आता हे डोक्यात ठेवा आणि गाथासप्तशतीकडे या. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला हा माहाराष्ट्री प्राकृतातला गाथांचा संग्रह. मराठीच्या आजीची आजी म्हणा ना. त्यातली गोदावरी, तिच्या काठची शेतं, तिथली पोरंपोरी आपल्या ओळखीची वाटतात. माझ्याकडे स. आ. जोगळेकरांच्या जाडजूड आवृत्तीची वडिलांनी घेतलेली प्रत आहे, पुठ्ठा निघालेली. त्यात वसंतातल्या पळसावर एक गाथा आहे. कवीला पळसाची फुलं बघून बुद्धाच्या पाया पडणारे भिक्षू आठवतात. एवढंच. पण विचार करा, ही उपमा सुचायला आणि वाचणाऱ्याला कळायला काय काय लागत असेल. वसंतात केशरी झालेली जमीन रोजच्या बघण्यात हवी. आणि केशरी वस्त्रातल्या भिक्षूंचा घोळकाही रोजच्या बघण्यात हवा. ती गाथा नाशकात लिहिली असा माझा मुळीच दावा नाही. पण विणकरांच्या व्याजावर भिक्षूंची वस्त्रं ज्या डोंगरावर येत होती, तिथे ही उपमा कुणालाही समजावून सांगावी लागली नसती.

आणि मी त्याच डोंगरावर उभा राहून मेक्सिकोच्या झाडाला सह्याद्रीचं रानफूल म्हणून आलो होतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे एक आज्ञा असते, गिट ब्लेम. प्रोग्रामच्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, ती कुणी आणि कधी लिहिली ते समजतं. बहुतेक वेळा शिव्या कुणाला द्यायच्या हे ठरवण्यासाठी तिचा वापर होतो. त्या रात्री झोप येईना तेव्हा मी डोंगरावर हाच प्रयोग करत बसलो. यातलं कुठलं फूल कुणी लिहिलं?

खोडून वर लिहिण्याची नाशकाला जुनी सवय आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभीला, जिथे दारणा गोदावरीला मिळते तिथे, नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. नहपानाचा पराभव केला, पण नाणी वितळवत बसला नाही, त्याच्याच नाण्यावर आपला ठसा ठोकला. खाली नहपानाचा चेहरा अजून दिसतो. तिसऱ्या लेण्यात या गौतमीपुत्राची थोरवी सांगणारा जो प्रसिद्ध लेख आहे तो त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा. नातू पुळुमावी राज्यावर असतानाचा. त्यात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. आमच्या घरातही शेवटचा शब्द आजीचाच असतो, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

पुढे मुघल आले आणि नाशिकचं नाव झालं गुलशनाबाद. बागांचं, फुलांचं शहर. पेशवाईत जुनं नाव परत आलं. गंगापुरात गोपिकाबाई राहिल्या, आनंदवल्लीला राघोबादादा आणि आनंदीबाई. या सगळ्यांची फुलं म्हणजे गुलाब, मोगरा, शेवंती. कुंपणाच्या आतली, माळ्याने पाणी घातलेली. कुंपणाबाहेरच्या पळसाशी कुणाचं भांडण नव्हतं. लोक त्याच्या पानांच्या पत्रावळी लावत होते, मुळांच्या तंतूंचे दोर वळत होते, डिंक म्हणजे कमरकस बाळंतिणीच्या लाडवात घालत होते. 'कुठेही जा, पळसाला पानं तीनच' ही म्हण ज्या भाषेत तयार होते, त्या भाषेच्या माणसांनी ते पान कितीदा हातात धरलं असेल!

खरा बदल इंग्रजांनी केला. १८१८ मध्ये पेशवाई गेली. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला अलेक्झांडर गिब्सन हा पहिला वनसंरक्षक मिळाला आणि १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलं आली. जंगल म्हणजे लाकूड, आणि लाकूड म्हणजे साग. सागाखेरीजची बरीच झाडं वनखात्याच्या बोलीत एका शब्दात बसतात: इंजायली. म्हणजे किरकोळ, जळाऊ. सातवाहनांच्या कवीला ज्यात भिक्षू दिसले ते झाड हिशोबाच्या वहीत इंजायली झालं. फुलाला तर वहीत रकानाच नव्हता. अपवाद मोहाचा, आणि तोही दारूच्या महसुलासाठी. १८९२ मध्ये मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा केला. परवान्याशिवाय मोहाची फुलं गोळा करणं, जवळ बाळगणं हा गुन्हा! आपल्या शेजारच्या जिल्ह्यात झाडाखाली पडलेलं फूल उचललं म्हणून माणूस गुन्हेगार ठरू शकत होता.

पुढे लाकूडतोड झाली, चराई झाली, गाव वाढलं आणि शहराभोवतालचे डोंगर बोडके झाले. मग १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाची लाट आली आणि डोंगर हिरवे करायचे ठरलं. झटपट. आणि इथे ग्लिरिसिडियाने बाजी मारली. फांदी तोडून खोचली तरी जगते.  पाणी कमी लागतं. मुळांतल्या गाठींमुळे जमिनीत नत्र धरून ठेवतं, पाल्याचं हिरवळीचं खत होतं. एखाद्या अधिकाऱ्यापुढे टार्गेट असेल आणि हाताशी दोन पावसाळे, तर त्याने दुसरं काय लावावं? मी त्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. रिलीजची तारीख जवळ आली की आपण काय करतो? इंटरनेटवरून आयता कोड उचलून डकवतो, चालतोय ना, मग पुढच्या वेळी नीट करू. ती 'पुढची वेळ' कधी येत नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं.

तेव्हा उंदीरमारीला शिव्या घालाव्यात असं मला वाटत नाही. मधमाश्यांना ती चालते, मातीला चालते. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मुख्यतः माझ्याविरुद्धच आहे. माझ्या पिढीने बोडका डोंगरही पाहिला नाही आणि पळसाचा डोंगरही. आम्ही गुलाबी डोंगर बघत मोठे झालो आणि तोच मूळचा समजलो.

२०२५ च्या अखेरीस हे एकदा अंगावर आलं होतं, पण तेव्हा मी दुर्लक्ष केलं. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायला तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. मीही एका रविवारी गेलो. घोषणा दिल्या, झाडाला मिठी मारून फोटो काढला. शेजारी उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलीने विचारलं, "काका, हे कुठलं झाड?" मला येईना. पाचपन्नास लोक होतो आजूबाजूला. वड, पिंपळ, कडुनिंब, आंबा, चिंच इथपर्यंत आमची गाडी गेली आणि थांबली. झाड वाचवायला आलेल्या माणसाला झाडाचं नाव माहीत नाही. वाचवू नये असं नव्हे, वाचवावंच. पण वाचवायचं काय आणि त्याच्या बदल्यात लावायचं काय, हे कुणीतरी दुसरंच ठरवणार, कारण आम्हाला फक्त आकडा कळतो. इतकी तोडणार, त्याच्या इतकीपट लावणार. लावणार म्हणजे काय लावणार, हे आम्ही विचारलंच नव्हतं. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून लोकांनी मिळून देशी झाडांची देवराई उभी केली आहे. तिथे जाणारे लोक हे विचारतात. मी तिथे एकदाच गेलोय, तेही सेल्फीपुरता. असो.

तर त्या शनिवारी दुपारी घरी आलो तेव्हा पळस नव्हता, खिशात उंदीरमारीचा एक तुरा होता. आजीपुढे धरला. तिने चष्मा लावून उलटसुलट करून पाहिला.

"हे काय आणलंस?"

"हीच फुलतात आता सगळीकडे. यांचा नाही का रंग होणार?"

आजीने काही न बोलता फुलं वाटीत टाकली आणि वर गरम पाणी ओतलं. तासाभराने पाणी जरासं मचूळ झालं. रंग म्हणून काही उतरला नाही. "बघ," म्हणाली आणि वाटी मोरीत रिकामी केली.

आमच्या आजीचं माहेर तिवंध्याजवळचं. जुन्या नाशकाबाहेरच्यांसाठी सांगतो: नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी, आणि रंगपंचमी म्हणजे रहाड. पेशवेकाळापासूनची चाल. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला चौकोनी हौद, माणूस बुडेल इतका खोल. वर्षभर तो लाकडी ओंडके आणि माती टाकून बंद असतो, वरून रिक्षा, बुलेट सगळं जातं. रंगपंचमीच्या आधी उघडून साफ करतात, पूजा होते, आणि फुलं-पानं उकळून केलेला रंग त्यात सोडतात. मग वरून धप्पकन उड्या! तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन, पंचवटीतला शनी चौक. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, कुठे पिवळा, कुठे केशरी, कुठे गुलाबी. अंगावर बसलेल्या रंगावरून पोरगा कुठल्या रहाडीत बुडून आला ते घरी कळायचं. आजी सांगते, तिच्या लहानपणी पेठेच्या बाजूने पळसाच्या फुलांची पोती यायची, आणि चार दिवस आधीपासून चौकात कढया चढायच्या, गल्लीभर त्या उकळत्या फुलांचा तुरट वास.

म्हणजे ज्या झाडाची मला साधी ओळख नव्हती, त्याच्या रंगात माझं आजोळचं आख्खं गाव बुडून निघत होतं. वहीत इंजायली होतं तेव्हाही.

पुढच्या शनिवारी पिशवी घेऊन निघालो. या वेळी पार्कात नाही गेलो. गिरणाऱ्याच्या पुढे हरसूलच्या दिशेने गाडी काढली. द्राक्षबागा संपल्या, टोमॅटोचे मांडव संपले, रस्ता चढायला लागला आणि एका वळणावर दिसला. शेताच्या बांधावर एकटाच. वाकडंतिकडं काळं खोड, पान नाही, आणि वर नुसता जाळ. त्याच्यामागे आणखी एक. मग उतारावर आठ-दहा. मला तिसरी उपमा सुचेना, भिक्षूच दिसायला लागले. खाली वाकलेले, एकमेकांना खेटून.

बांधावर एक मावशी शेळ्या घेऊन बसल्या होत्या. म्हटलं, "मावशी, फुलं घेऊ का थोडी?"

"घ्या की. पडलेली घ्या, वरची ओरबाडू नका. कशाला पाहिजेत?"

"रंगाला."

त्या हसल्या. "आता कोण करतो पळसाचा रंग? दुकानात मिळतो की."

मी गुडघ्यावर बसून फुलं वेचायला लागलो. मखमलीसारखी काळपट देठाची वाटी आणि त्यातून वळलेली केशरी चोच. झाडावर मैनांचा दंगा चालला होता. त्या वरून फुलं पाडत होत्या, मी खालून उचलत होतो. पाऊण तासात पिशवी भरली. एक फोटो काढला, एकच. न्यू जर्सीला पाठवला आणि खाली लिहिलं, "मागचे बावीस फोटो रद्द समज. ते तुमच्याच बाजूचं झाड आहे. हे आमचं, पळस." त्याचं उत्तर आलं, "हे तर आमच्या गावाला शाळेमागे होतं! नाव आत्ता कळलं."

रंगपंचमीच्या आदल्या रात्री आजीने मोठ्या पातेल्यात फुलं भिजत घातली. सकाळी पाणी पिवळंधमक झालं होतं. मग तिने डबीतल्या चुन्याची निवळी चमचाभर घातली आणि ढवळलं. डोळ्यांदेखत पिवळ्याचं केशरी झालं. मी अल्कली, पीएच वगैरे काहीतरी पुटपुटलो. आजीने तिकडे लक्ष न देता बोट बुडवून माझ्या पांढऱ्या टी-शर्टवर एक रेघ ओढली आणि सुकेपर्यंत थांबून मान डोलावली.

"बरा उतरलाय. पण कमी आहे. पुढच्या वर्षी दोन पिशव्या आण."